खाणींच्या गावांतून : शिरगाव, मुळगाव, मये

सहलीचा बेत ठरविताना आपण समुद्रकिनारा निवडतो, देवस्थान निवडतो, क्वचित एखादा किल्लाही निवडतो. खाणीचे गाव पाहावयास मुद्दाम कोणी जात नाही. युरोपात मात्र तसा प्रघात आहे. ग्रीस देशाच्या एजियन समुद्रात नाक्सोस नावाचे बेट आहे. त्याच्या डोंगराळ भागातील अपिरांथोस आणि कोरोनोस ही गावे शतकानुशतके एका दगडावर जगली. तो दगड म्हणजे कुरुंद आणि चुंबकीय लोहखनिज यांचे नैसर्गिक मिश्रण. आपल्याकडे धार लावणाऱ्यांच्या चाकाला ज्या कुरुंदाचा लेप असे, त्याच जातीचा हा कठीण पदार्थ. ग्रीक शिल्पकारांनी संगमरवर घासण्यासाठी तो वापरला. विसाव्या शतकात १९२०च्या दशकात डोंगरातून मुत्सूना बंदरापर्यंत तो वाहून नेण्यासाठी हवेतून तारेवर चालणारी पाळण्यांची वाहतूकही उभारली गेली.

त्या गावांविषयी वाचताना एक गोष्ट विशेष लक्षात राहिली. डोंगरातील तो दगड काढण्याचा हक्क तेथील गावकऱ्यांच्या कुटुंबांकडे पिढीजात होता आणि काढलेला माल सरकार विकत घेई. पुढे कृत्रिम घर्षकद्रव्ये कारखान्यांत तयार होऊ लागली, मागणी ओसरली, तरुण मंडळी अथेन्सला गेली. आज संगमरवरी फरसबंदीच्या त्या गल्ल्यांतून प्रवासी हिंडतात, बंद पडलेले लोखंडी खांब आणि गावातील भूगर्भशास्त्रीय संग्रहालय पाहतात. खाण संपली तरी गाव उरले.

वाचता वाचता सहजच मनात आले, की आपल्या धारगळहून पाऊण तासाच्या वाटेवर अशीच गावे आहेत आणि तेथील माणसे आपल्या दवाखान्यांतून नित्य येतात. ती गावे आपण किती पाहिली आहेत? पावसाळा ओसरल्यावर एका रविवारी आम्ही काही वैद्यकीय सहकारी त्या बाजूस गेलो. खाणीचे शेजारी कसे राहतात, काय पितात, काय पिकवितात आणि कोणता श्वास घेतात, एवढेच पाहावयाचे होते.

कोलवाळचा पूल ओलांडल्यावर

धारगळहून महामार्गाने कोलवाळच्या पुलावर शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका संपतो व बार्देश सुरू होतो. थिवी मागे टाकून अस्नोड्यास यावे. अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून बार्देशच्या मोठ्या भागास पिण्याचे पाणी मिळते. या प्रकल्पापासून थोडे पुढे गेले की डिचोली तालुक्याची हद्द लागते आणि शिरगाव येते. ज्या टेकड्यांचे पाणी पिऊन एक तालुका जगतो, त्याच टेकड्यांच्या रांगेत लोखंड आहे. या प्रदेशाचे सारे सुखदुःख या एका योगायोगातून निर्माण झाले आहे.

त्यामागील भूगर्भरचना समजून घेण्यासारखी आहे. येथील डोंगरांवर जांभ्या दगडाचे कवच असते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी तो शोषून घेतो. त्या कवचाखालचा भुसभुशीत लोहखनिजाचा थर ते पाणी धरून ठेवतो आणि वर्षभर थोडे थोडे करून पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना देतो. म्हणजे ज्या थरात गावाचे पाणी, त्याच थरात व्यापाऱ्याचे लोखंड. खाण उथळ असेतो दोघांचे जमते. ती भूजलाच्या पातळीखाली उतरली, की खड्ड्यात भरणारे पाणी पंपाने उपसल्याखेरीज खनिज काढता येत नाही, आणि उपसा वाढला की आसपासच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. शिवाय एक टन खनिज मिळविण्यासाठी सुमारे अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला काढावे लागतात. या टाकाऊ मातीला गावातील लोक ‘रिजेक्शन’ म्हणतात. खाणीच्या पट्ट्यात फिरताना जे डोंगर दिसतात, त्यांतील कोणते देवाने रचलेले आणि कोणते टिपरने ओतलेले, हे परक्या माणसास पटकन ओळखता येत नाही.

हक्क कोणाचा?

गोव्यातील खाणींचा इतिहास पोर्तुगीज अमदानीत सुरू होतो. १९०६च्या वसाहती खाण कायद्याखाली, ज्याने खनिज शोधून नोंदविले त्याला त्या जागेचा खनन-हक्क मिळे, आणि तो मुदतीने बांधलेला नसे. असे शेकडो परवाने दिले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आपले पोलाद कारखाने नव्याने उभे केले. तेव्हा गोव्याच्या खनिजास मोठी बाजारपेठ मिळाली आणि १९५०च्या दशकात हा धंदा भरभराटीस आला. आरंभीची खाण म्हणजे कुदळ, फावडे आणि डोक्यावरची पाटी. डोंगरातून पाट्यांनी उतरविलेला माल गाडीने नदीकाठी जाई, तेथून होडीने मुरगाव बंदरात. पुढे यंत्रे आली, ट्रक आले, मांडवी-जुवारीतून बार्जेस धावू लागल्या.

१९६१मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते परवाने चालू राहिले. १९८७मध्ये संसदेने कायदा करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले. या धंद्याने गोव्याच्या सार्वजनिक जीवनासही आकार दिला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि आपल्या पिढीतील कित्येक डॉक्टरांनी अशाच मराठी शाळांतून पहिली अक्षरे गिरविली आहेत. तेव्हा खाणीने केवळ हानी केली असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. खाणीच्या पगारावर घरे कौलारूची पक्की झाली, मुले शिकली, मुलींची लग्ने झाली.

परंतु नाक्सोसच्या गावांशी तुलना करताना एक भेद नजरेआड करता येत नाही. तेथे दगडावर गावकऱ्यांचा हक्क होता. येथे गाव डोंगराच्या पायथ्याशी राहिले, डोंगरावर गुरे चारली, झऱ्याचे पाणी प्याले, देवाचे नाव डोंगराला दिले. कागदावरचा हक्क मात्र दुसऱ्याच्या नावे गेला. गावाच्या वाट्याला आली ती नोकरी, ट्रकाचे भाडे आणि धूळ.

शिरगाव : लईराईचे गाव

शिरगाव सर्व गोव्याला ठाऊक आहे ते श्री देवी लईराईच्या जत्रेमुळे. वैशाख शुद्ध पंचमीस हजारो धोंड, हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी घेऊन, व्रतस्थ राहून येथे येतात, तळीत स्नान करतात आणि रात्री होमकुंड पेटल्यावर पहाटे त्याच्या निखाऱ्यांवरून चालतात. लोककथेप्रमाणे लईराई ही सात बहिणींपैकी एक. मुळगावची केळबाय, मयेची महामाया आणि आपल्या पेडण्यातील मोरजीची मोरजाई या तिच्याच बहिणी, आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीलाही लोक तिची बहीणच मानतात. त्यामुळे पेडणेकरांना शिरगाव परके नाही. ३ मे २०२५च्या पहाटे या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, ती वार्ता ऐकून पेडण्याच्या घराघरांतही चूल उदास झाली.

जत्रेच्या गर्दीत गाव दिसत नाही, एरवीच्या दिवशी दिसते. शिरगावच्या भोवती तीन खाणपट्टे आहेत. मंदिर, तळी, घरे, माड, थोडी शेती आणि त्यांच्या मागे उतरत गेलेले तांबडे खड्डे, असा हा देखावा. खाणी बंद असलेल्या वर्षांत या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचून प्रचंड जलाशय झाले. वरून पाहता निळसर-हिरवे पाणी मोठे रमणीय वाटते. गावातील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला समजाविले, की ते पाणी खड्ड्यात राहते म्हणूनच विहिरींत पुन्हा पाणी आले; खाण सुरू करावयाची तर ते उपसावे लागणार आणि विहीर पुन्हा आटणार. भूजलशास्त्राचा हा धडा त्यांनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नव्हता. शिरगावच्या विहिरींचा व शेतीचा प्रश्न पूर्वीच मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता आणि नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तेथील भूजलाचा अभ्यासही केला होता.

टँकरचे पाणी आणि विहिरीचे पाणी यांतील फरक वैद्यकीय दृष्टीने केवळ जंतूंचा नाही. विहीर दारात असली की घरातील बाई हात धुते, भांडी वाहत्या पाण्यात घासते, मुलाला रोज न्हाऊ घालते. टँकरच्या वेळेवर जगणाऱ्या घरात पाणी साठवून ठेवावे लागते, झाकण अर्धवट असते आणि डासांची सोय होते. अतिसार, त्वचारोग, डेंग्यू यांची मुळे अशा ठिकाणी शोधावी लागतात.

मुळगाव ते सारमानस

शिरगावहून पुढे मुळगाव. येथे केळबाय देवीचे स्थान आहे आणि भोवती एके काळची समृद्ध शेती. पावसाळ्यात ‘सरद’ आणि हिवाळ्यात झऱ्याच्या पाण्यावर ‘वायंगण’ अशी भाताची दोन पिके घेण्याची या भागाची जुनी रीत. खाणीतून वाहून आलेली तांबडी बारीक माती शेतात बसली की वाफ्यात पाणी मुरत नाही, चिखल सुकून त्याची कडक खपली होते आणि रोपाचे मूळ खाली जात नाही. वायंगणाला लागणारे पाणी तर झऱ्याबरोबरच जाते. अलीकडच्या लिलावातील खाणपट्ट्यात घरे, देवळे व शेते आल्यामुळे ती वगळावीत, अशी मुळगावच्या ग्रामस्थांची मागणी आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात राहतो ते घर कोणाच्या तरी खाणपट्ट्याच्या नकाशात आहे, हे कळल्यावर माणसाच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार रक्तदाबाची गोळी लिहून देताना आपण करतो का?

डिचोली शहर ओलांडून मयेस पोहोचलो. मयेचे तळे सर्वांच्या परिचयाचे; शाळेच्या सहली तेथे जातात, होड्या चालतात. तळ्याच्या काठी बसलेल्या प्रवाशास पलीकडच्या डोंगरामागे काय आहे ते दिसत नाही. तेथून पिळगावच्या सारमानसकडे जावे, म्हणजे मांडवीच्या काठी खनिज बार्जमध्ये भरण्याचा धक्का लागतो. नाक्सोसच्या मुत्सूना बंदराचे स्थान येथे सारमानसला. तेथे तारेवरून पाळणे उतरत, येथे गावाच्या रस्त्यावरून ट्रक उतरतात. रस्त्याकडेच्या घरांच्या खिडक्या बंद, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबूस छटा, माडांच्या झावळ्यांवर मातीचा थर. धक्क्यालगतची खाजन जमीन, तिचे बांध आणि पाण्याची ये-जा सांभाळणारी मानस ही शेकडो वर्षांच्या सामुदायिक श्रमाची निर्मिती आहे. ती एकदा गाळाने भरली की पूर्ववत करणे कठीण.

भरती आणि ओहोटी

चीनमधील पोलादाची मागणी वाढली तेव्हा या शतकाच्या पहिल्या दशकात गोव्याच्या खाणींना अभूतपूर्व तेजी आली. २०१०-११ साली गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली. हलक्या प्रतीचे, पूर्वी टाकून दिलेले खनिजही विकले जाऊ लागले. त्यानंतर न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या व ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७मध्येच संपली असल्याचे सांगून खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. नंतर नूतनीकरण केलेले ८८ पट्टेही ७ फेब्रुवारी २०१८ला रद्द झाले आणि मार्च २०१८मध्ये खाणी पुन्हा थांबल्या. डिसेंबर २०२२मध्ये लिलाव सुरू झाले. पहिल्या चार ब्लॉकपैकी तीन डिचोली तालुक्यातले, आणि त्यांतील डिचोलीच्या ब्लॉकमध्ये २०२४मध्ये खनन पुन्हा सुरू झाले.

हा क्रम तारखांनी सांगता येतो. गावाने तो कर्जाच्या हप्त्यांनी मोजला. तेजीच्या काळात ज्याने शेत पडीक टाकून ट्रक घेतला, त्याच्या हाती बंदीनंतर ना शेत राहिले ना भाडे. त्या वर्षांत खाणपट्ट्यातील रुग्ण पाहणाऱ्या सहकाऱ्यांना निद्रानाश, छातीतील धडधड, दारूचे वाढते प्रमाण आणि मधेच सोडलेली मधुमेहाची औषधे यांचा अनुभव आला. म्हणून खाण चालू असावी की बंद, हा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी एवढे ध्यानात घ्यावे, की खाण चालते तेव्हाही गाव आजारी पडते आणि बंद पडते तेव्हाही. पहिला आजार फुप्फुसाचा व पाण्याचा, दुसरा मनाचा व मिळकतीचा.

केसपेपरावरील एक ओळ

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७००मध्ये कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात सांगितले होते, की वैद्याने रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावे. सव्वातीनशे वर्षांनंतरही आपल्या केसपेपरावर व्यवसायाचा रकाना बहुधा कोरा असतो, किंवा ‘नोकरी’ एवढ्यावर भागते.

लोखंडाची धूळ फुप्फुसात साचून होणारा सिडरोसिस क्ष-किरण चित्रात मोठा भयंकर दिसला, तरी तो बहुधा सौम्य असतो. परंतु खाणीतील धुळीत निव्वळ लोखंड नसते, तिच्यात सिलिकाही असते. सूक्ष्म सिलिकेचे कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तेथे व्रणतंतू निर्माण करतात आणि सहसा दहा-वीस वर्षांनी, कधी काम सोडल्यावरही, सिलिकोसिस प्रकट होतो. अशा रुग्णास क्षयरोगाचा धोका वाढलेला असतो. खोकल्याचे औषध वारंवार नेणारा माणूस एके काळी क्रशरवर कामाला होता, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

खाणकामगाराची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याची फाईल असते. पण रस्त्याकडेच्या घरात राहणारी गृहिणी, त्या रस्त्याने शाळेत जाणारे मूल, कंत्राटावर ट्रक चालविणारा चालक, ट्रकांच्या रांगेशेजारी चहाची टपरी चालविणारा म्हातारा यांची फाईल कोणाकडे आहे? उद्या त्यांच्यापैकी कोणी म्हटले, की खाण सुरू झाल्यापासून माझा दम वाढला, तर पूर्वी तो किती होता हे सांगणारा कागद कोठे मिळणार? न्यायालयात आणि जनसुनावणीत भावना ऐकून घेतल्या जातात. निर्णय कागदावर होतो. तो कागद तयार करणे आपल्या हाती आहे.

लिलाव झालेल्या सर्व ब्लॉकमधील काम अद्याप पूर्ण वेगाने चालू झालेले नाही, तोवरच हे करावयास हवे. डिचोली व पेडणे येथील डॉक्टरांच्या संघटनांनी मयेचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डिचोलीचे सामाजिक आरोग्य केंद्र यांच्या सहकार्याने गावनिहाय पाहणी करावी. त्यात फार खर्चाचे काही नाही. प्रत्येक केसपेपरावर काम, गाव आणि खाणरस्त्यापासून घराचे अंतर लिहावे. दम्याच्या व जुन्या खोकल्याच्या रुग्णांची श्वासक्षमता फुंकून मोजण्याच्या यंत्राने नोंदवावी. दर उन्हाळ्यात ठरावीक विहिरींची पातळी पंचायतीच्या वहीत लिहून ठेवावी. आपल्या धारगळातच अखिल भारतीय आयुर्वेद संस्था डिसेंबर २०२२पासून उभी आहे. तेथील तरुण अभ्यासकांना शेजारच्या तालुक्यातील या कामी सहभागी करून घेता येईल. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज निधीची तरतूद २०१५च्या कायद्याने झाली आहे. पिण्याचे पाणी व आरोग्य हे त्या निधीचे अग्रक्रमाचे विषय आहेत. तो निधी मागताना पंचायतीच्या हाती आपल्या पाहणीचे आकडे असले, तर मागणीला वजन येईल.

अपिरांथोस हे मानोलिस ग्लेझोस यांचे जन्मगाव. १९४१मध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील नाझी ध्वज उतरविणाऱ्या दोघा तरुणांपैकी ते एक. पुढे १९८०च्या दशकात आपल्या या गावाचे प्रमुख झाल्यावर, गावाचे निर्णय गावसभेनेच घ्यावेत असा प्रयोग त्यांनी केला. आपल्याकडे ग्रामसभा कायद्यानेच दिलेली आहे. शिरगाव, मुळगाव, मये येथील ग्रामसभांत खाणीवर चर्चा होते तेव्हा वकील येतात, कार्यकर्ते येतात, कंपनीचे अधिकारीही येतात. गावाला तीस-तीस वर्षे तपासणारा डॉक्टर मात्र त्या सभेत क्वचित दिसतो. त्याने तेथे जावे, खाणीच्या बाजूने वा विरोधात घोषणा देऊ नये, फक्त आपली वही उघडून वाचून दाखवावी. पेडण्यातही सडे कापले जात आहेत, चिऱ्यांच्या खाणी आहेत. हीच वही उद्या आपल्याही गावांना लागणार आहे.